व्याह्यांनी सही केलेली कार्डं

कारंजा घाडगे इथं गोल्फ खेळणारा माणूस मी एकटाच आहे, आणि हे काही मी अभिमानानं सांगत नाही. बियाणं-खतांचं माझं दुकान हायवेपासून हाकेच्या अंतरावर आहे. युरियाच्या पोत्यांमागे काठ्यांची बॅग उभी असते. एखादं गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, हे फवाऱ्याचे पाइप हायेत का?" मी हो म्हणतो. खरं सांगत बसलो तर त्या दिवशी धंदा व्हायचा नाही.

हा नाद मला लावला माझ्या व्याह्यांनी. माझी एकुलती एक लेक नागपुरात दिली आहे. व्याही सरकारी खात्यातून मोठे इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. माणूस सज्जन, पण स्वभावानं मानी. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आम्ही लेकीकडे गेलो, तेव्हा पाहुण्याचं काय करायचं या विवंचनेत त्यांनी मला गोल्फच्या मैदानावर नेलं. एक काठी हातात दिली आणि म्हणाले, "व्याही, मारून बघा. नाही लागला तरी लाजू नका, सुरुवातीला कुणालाच लागत नाही." मी मारला आणि तो लागला. कॉलेजात असताना मी तीन वर्षं हॉकी खेळलो होतो. खाली वाकून, मनगटानं, मोजका फटका मारायची सवय चाळीस वर्षांनीही अंगात शिल्लक होती. चेंडू सरळ गेला. व्याही म्हणाले, "नशीब आहे तुमचं."

मी त्यांना साहेब म्हणतो. नात्यानं आम्ही बरोबरीचे, वयानंही. पण मी मुलीचा बाप. आमच्याकडे मुलीचा बाप लग्नात एकदा व्याह्यांना दुपट्टा-टोपी द्यायला वाकला की पुन्हा सरळ होत नाही. कुणी सांगावं लागत नाही, पाठीलाच ते कळतं.

त्यानंतर मी गपचूप खेळायला लागलो. सोयाबीन निघाल्यावर गोदामामागचं वावर मोकळं व्हायचं, तिथं सकाळी पाच-पन्नास चेंडू मारायचो. बायको म्हणायची, "अजी, लोकं हासून राह्यले." हसू देत म्हटलं. मग कळलं की नागपूरच्या अलीकडे, अमरावती रोडवरच, एक नवं मैदान झालंय, आणि तिथं माझ्यासारख्या अधूनमधून येणाऱ्यांसाठी फ्लेक्झी मेंबरशिप आहे. वर्षाचे ठरावीक पॉइंट मिळतात. आलात, खेळलात, तितके कापले. मधल्या वारी आलात तर कमी, रविवारी जास्त. महिनाभर नाही आलात तरी कुणी विचारत नाही. आणि मुख्य म्हणजे त्यात अधिकृत हँडिकॅप मिळतो.

या हँडिकॅपसाठी मी ती मेंबरशिप घेतली. तो एक आकडा असतो. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितका खेळ चांगला; त्या मैदानाची फेरी पक्क्या खेळाडूला बहात्तर फटक्यांची. तुम्हाला साधारण नव्वद लागत असतील, तर तुमचा आकडा अठराच्या आसपास. स्पर्धेत तुमच्या एकूण फटक्यांतून तो वजा होतो, म्हणजे कच्चा आणि पक्का खेळाडू बरोबरीनं खेळू शकतात. प्रत्येक फेरीचं कार्ड भरायचं, सोबत खेळणाऱ्यानं त्यावर सही करायची, आणि शेवटच्या वीस कार्डांतली चांगली धरून मशीन आकडा काढतं.

मशीन काढतं, हे मला फार आवडलं होतं. मॅट्रिकला मला जे मार्क पडले ते मला माझे कधी वाटले नाहीत, कारण हेडमास्तर वडिलांच्या बैठकीतले. हॉकीच्या टीमचे बूट वडिलांनी घेऊन दिलेले, म्हणून मी टीममध्ये होतो की खेळायचो म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही. दुकानात तर विचारूच नका. बियाणं उगवलं तर पावसाची कृपा, नाही उगवलं तर माझा दोष. सत्तावन्न वर्षांत मी नक्की किती पाण्यात आहे हे मला कुणी भिडेशिवाय सांगितलं नव्हतं. तो एक आकडा मला पाहिजे होता. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण मला पाहिजे होता.

फॉर्मवर खाली एक कबुली छापलेली होती. प्रत्येक फेरी मी माझ्या पूर्ण कुवतीनं खेळेन, अशा अर्थाची. मी न वाचता सही करणारा माणूस नाही. दोनदा वाचली आणि सही केली.

पहिली तीन कार्डं मी मधल्या वारी, अनोळखी माणसांसोबत खेळून भरली. एक दंतवैद्य होते, एक रेल्वेतले. कुणी कुणाचा कोण नाही. तिसऱ्या फेरीनंतर मोबाइलवर आकडा आला, अठरा. कोंढाळीजवळ एका ढाब्यावर गाडी थांबवून मी चहा घेतला आणि तो आकडा चार वेळा पाहिला. घरी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "चांगला हाये का?" मी म्हटलं, "खरा हाये." त्या तीन कार्डांच्या प्रती मी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

साहेबांना कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला आणि रागही आला. "अहो, घरचा माणूस असताना परक्यांच्या सह्या कशाला? आता आपण दोघं खेळत जाऊ. तुमच्या कार्डावर मी सही करेन, माझ्या कार्डावर तुम्ही." त्यांनीही त्या मैदानाची मेंबरशिप घेतली, पूर्ण, फ्लेक्झी नाही. त्यांचा आकडा होता वीस. गेली बारा वर्षं वीसच्या खाली कधी आला नव्हता, हे मला नंतर कळलं.

पहिल्या रविवारी भर वाऱ्यात मला सत्त्याण्णव फटके लागले, तरी ते त्यांच्यापेक्षा पाच कमी होते. त्यांनी कार्डावर सही केली, पेनचं टोपण लावलं आणि म्हणाले, "छान." जेवायला थांबले नाहीत. बुधवारी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, पप्पा तीन दिवस झाले जेवताना बोलून नाई राह्यले. तुमचं काही झालं का मैदानावर?" सासऱ्यांना ती पप्पा म्हणते. मी म्हटलं, काही नाही झालं माय.

बायकोला सांगितलं. ती चपाती लाटत होती, लाटतच राहिली. "पोरीच्या घरी शांतता पायजे असन तर हरून जा. काय जाते तुमचं?"

काय जात होतं ते तिला समजावून सांगण्यासारखं नव्हतं. पुढच्या रविवारी मी हरलो.

हरणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. ते तसं नाही. चेंडू मुद्दाम झाडीत मारला तर कुणालाही दिसतं. असं हरायचं की समोरच्याला आपण जिंकलो असं वाटलं पाहिजे, हा मुद्दाम हरला असं नाही. मी ते शिकलो. लांबचे फटके नीट मारायचे, वाहवा घ्यायची, आणि भोकाजवळ आल्यावर दोन हातांवरचा चेंडू काठावरून निसटू द्यायचा. कपाळावर हात मारायचा. साहेब म्हणायचे, "घाई करता तुम्ही व्याही, घाई." मग ते माझी मनगटं धरून मला शिकवायचे. जेवायला थांबायचे, मला आग्रहानं वाढायचे, आणि लेकीचे फोन पुन्हा नेहमीसारखे लांबलचक होऊ लागले. मी सगळं गिळत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंडही माझंच आणि बुक्कीही माझीच.

पहिलं वर्ष संपलं. पॉइंट संपले, मेंबरशिपही संपली. मनात म्हटलं, सुटलो. दुकानाचा हंगाम आहे, गुडघा दुखतो, काहीतरी सांगू. माझ्या वाढदिवसाला साहेब सहकुटुंब कारंज्याला आले. सोबत संत्र्याची बर्फी आणि एक पाकीट. पाकिटात माझ्या मेंबरशिपचं पुढच्या वर्षाचं नूतनीकरण. "तुमच्याशिवाय खेळायला मजा नाही येत," म्हणाले. ते मनापासून म्हणत होते, हेच तर वाईट होतं. लेक बाजूला उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी पाकीट डोक्याला लावलं आणि खिशात ठेवलं.

दुसऱ्या वर्षात माझी ती तीन जुनी कार्डं वीसच्या बाहेर ढकलली गेली. आकडा चढत गेला. एकवीस, तेवीस, सव्वीस. मोबाइल उघडायचो आणि ते सव्वीस बघून मला संताप यायचा. मशीनचा दोष नव्हता. मशीन बिचारं मी भरलेलंच मोजत होतं.

मग आली क्लबची वार्षिक स्पर्धा. साहेबांनी दोघांची नावं दिली. मी नेहमीसारखाच खेळलो. त्यांना पंच्याण्णव फटके लागले, मी मोजून सत्त्याण्णव घेतले. म्हटलं, दोन फटक्यांनी मागे आहोत, शोभेल. माझं सगळं लक्ष साहेबांच्या किती मागे राहायचं याकडे, आणि तिथंच मी खड्ड्यात पडलो. पंच्याण्णवातून वीस गेले, राहिले पंच्याहत्तर. सत्त्याण्णवातून सव्वीस गेले, राहिले एकाहत्तर. दोन वर्षं मी साहेबांना मान दिला होता, तो सगळा त्या वजाबाकीत माझ्या पदरात पडला. माइकवरून पहिलं बक्षीस माझ्या नावानं पुकारलं गेलं.

साहेब टाळ्या वाजवत होते, पण हात जेमतेम एकमेकांना लागत होते. चहाच्या टेबलावर मागून कुणीतरी म्हणालं, "हे फ्लेक्झीवाले असेच. वर्षभर आकडा फुगवायचा आणि स्पर्धेच्या दिवशी येऊन कप न्यायचा." ते मला ऐकू जावं अशाच आवाजात होतं.

आठ दिवसांनी हँडिकॅप समितीच्या सचिवांचा फोन आला. मैदानावर या म्हणाले, सोबत व्याह्यांनाही आणा, सगळ्या कार्डांवर त्यांची सही आहे. सचिव म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, बोलायला मऊ आणि नजरेनं तपासणीस. टेबलावर माझी सगळी कार्डं मांडलेली होती. म्हणाले, "सुरुवातीची तीन कार्डं नव्वदीच्या आतबाहेर. मग साहेब तुमच्यासोबत यायला लागल्यापासूनची ही सगळी अठ्ठ्याण्णव, शंभर, नव्व्याण्णव. कुणी मुद्दाम खराब खेळून आकडा वाढवत असेल तर आम्हाला बघावं लागतं. तुम्हाला काही सांगायचं आहे का?"

साहेब माझ्या शेजारच्या खुर्चीवर होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मुद्दाम हरलो म्हणालो असतो, तर दोन वर्षांचे त्यांचे सगळे रविवार मी त्याच टेबलावर काढून घेतले असते, परक्या माणसासमोर. नाही म्हणालो असतो, तर मी कपासाठी खोटी कार्डं भरणारा. खोटा तर मी होतोच, पण चोर नव्हतो. हा फरक सांगायला मी समोरचं पहिलं कार्ड उचललं. साहेबच उसळले. "माझ्या सह्या आहेत त्या. माझ्या डोळ्यांसमोर खेळले आहेत ते. माझे व्याही आहेत."

सचिव म्हणाले, मग सोपं आहे. येत्या रविवारी तुम्ही दोघं खेळा, मी सोबत चालतो. खेळ दिसेलच.

त्या आठवड्यात मी दुकानात बसून होतो एवढंच. गिऱ्हाइकानं कपाशीचं बियाणं मागितलं तर तुरीचं दिलं. नीट खेळलो तर साहेबांना सगळं कळणार, आणि लेकीला त्याच घरात राहायचं आहे. वाईट खेळलो तर आरोपातून सुटेन, पण तो सव्वीस कायमचा माझ्या नावावर चिकटणार. शनिवारी दुपारी लेकीचा फोन आला. आवाज दबका नव्हता, उलट मोठा होता.

"बाबा, तुमी मुद्दाम हरता हे मले पयल्यापासून मालूम हाये."

मी हातातली पावती खाली ठेवली.

"आईनं सांगतलं. मी तुमाले एकच सांगतो, उद्या नीट खेळजा. पप्पा रुसले तर रुसू द्या, मी पाहून घेईन. त्या घरात माझ्या हातानं, माझ्या बोलण्यानं जागा केली मी. तुमच्या हरण्यावर नाई राह्यली."

"हो माय."

"हो म्हणू नोका. खेळजा."

फोन ठेवल्यावर मी गोदामामागे गेलो आणि एकटाच उभा राहिलो. मला रडू आलं. लेकीनं दार उघडून दिलं होतं. इतक्या सरळ शब्दांत मला कुणी मोकळं केलं नव्हतं. रविवारी पहाटे मी आंघोळ करून, देवाला हात जोडून निघालो, आणि हायवेवरच्या ट्रकांच्या रांगेतून जाताना मनाशी पक्कं केलं की आज नव्वदच्या आत.

आता जे लिहितो आहे ते खरं आहे. वाचणाऱ्यानं विश्वास ठेवावा एवढीच विनंती.

पहिला फटका चांगला गेला. सचिवांनी मान हलवली. चेंडू दोन फटक्यांत भोकाजवळ आला, दोन हातांवर. मी वाकलो, श्वास सोडला, मारला. चेंडू काठावरून निसटला. मी मारला तसाच तो गेला होता. माझ्या मनानं सरळ सांगितलं होतं आणि मनगटानं शेवटच्या क्षणी ते किंचित फिरवलं होतं, दोन वर्षं फिरवत होतं तसंच. बरं, पहिलाच आहे म्हटलं. दुसऱ्या भोकापाशी तेच झालं. तिसऱ्याला मी काठी घट्ट धरली, तर चेंडू पुढे निघून गेला. पाचव्यापासून लांबचे फटकेही बिघडले, कारण आता मला भीती वाटायला लागली होती. वाळूच्या खड्ड्यात तीनदा मारून चेंडू जागचा हलला नाही. इतक्या जिवापाड मी कधी खेळलो नव्हतो, हॉकीतसुद्धा नाही, आणि हात माझे ऐकत नव्हते. नवव्या भोकापाशी मी खरोखर कपाळावर हात मारला. साहेब मागून म्हणाले, "घाई करता व्याही, घाई."

नव्व्याण्णव फटके लागले.

ऑफिसात सचिवांनी माझी माफी मागितली. "आकडा बरोबर आहे तुमचा. आम्हाला शंका घ्यावी लागते, राग मानू नका." अडवून ठेवलेला बक्षिसाचा कप कपाटातून काढून माझ्यासमोर ठेवला. मग ती पहिली तीन कार्डं बाजूला केली. "प्रश्न उरतो यांचा. दंतवैद्य तर आता येतही नाहीत. बहुतेक घाईत मोजलं नसेल कुणी, सहज सही केली असेल. ही रेकॉर्डवरून काढून टाकू, म्हणजे पुन्हा वाद नको. तुमची संमती लागेल."

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नवशिक्याचं नशीब असतं हो सुरुवातीला. मी तेव्हाच म्हणालो होतो."

त्यांचा चेहरा उजळला होता. मी ज्याला वाचवायला दोन वर्षं हरलो तो माणूस आज मला वाचवल्याच्या आनंदात होता. मी पेन मागितलं. मजकूर न वाचता सही केली.

संध्याकाळी दुकान उघडून बसलो. कप पोत्यांमागे बॅगेजवळ ठेवला. ड्रॉवर उघडून त्या तीन प्रती बघाव्या असं वाटलं, पण उघडला नाही. लेकीचा फोन आला. मागे जेवणाची भांडी वाजत होती.

"पप्पा खूश हायेत. दोनदा भाजी मागून घेतली." मग भांड्यांचा आवाज मागे पडला. "बाबा, म्या इतकं सांगतलं होतं तुमाले. तरी हरले काऊन?"

"मुद्दाम नाई हरलो माय. जीव तोडून खेळलो."

ती रडायला लागली.

"खरंच सांगून राह्यलो," मी म्हटलं. "मले जमलंच नाई."

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "मले नका सांगू."